आयर्विन पुलाच्या अलीकडे

धनपालराव आरवाड्यांना 'आता बास' असं सांगायची हिंमत साऱ्या सांगलीत दोघांचीच होती. एक त्यांच्या पत्नी त्रिशलाबाई. पण त्या ते इतक्या हळू सांगत, की पंखा चालू असला तर ऐकूच येत नसे. दुसरी ती नोकरदार माणसांची साइट. तिनं मात्र सकाळच्या ऐन उमेदीत, चहाचा कप अजून हातात असताना, मोबाइलच्या पडद्यावर ठळक अक्षरांत सांगून टाकलं, की तुमची या महिन्याची शोधमर्यादा संपली आहे, आता पहिल्या तारखेनंतर या.

धनपालरावांनी चष्मा पुसला आणि परत वाचलं. मग मोबाइलच पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं. मजकूर तसाच राहिला.

"अगं, हे बघ. मला बंदी केली!"

त्रिशलाबाई नुकत्याच बस्तीतून, म्हणजे जैन मंदिरातून, दर्शन करून आल्या होत्या. रोज सकाळी देवासमोर उभं राहून त्या दिवसाचे नियम घेत. आज अमुकच पदार्थ खाईन, अमुकच कपडे वापरीन, अमुक वेळ मौन पाळीन. त्यांनी पडद्यावरचा मजकूर शांतपणे वाचला आणि म्हणाल्या, "बंदी कुठं? मर्यादा आहे. त्यांचाही चातुर्मास असेल."

"कुणाचा?"

"साइटचा."

साइटचा चातुर्मास म्हणजे काय हे धनपालरावांना कळेना. त्या दिवसापासून त्यांना जे कळेनासं झालं ते पुढं बरेच दिवस कळलं नाही, म्हणून इथंच सांगून ठेवलेलं बरं.

प्रकरण बेदाण्याचं होतं. कुंडलच्या सुंदरीआत्यांच्या मळ्यातला हिरवा, लांबडा बेदाणा दर वर्षी सांगलीच्या बाजारात लिलावाला, सौद्याला जायचा. यंदा धनपालराव आत्यांच्या घरी सोप्यात, जमिनीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "आत्या, सौद्याला एक दाणा घालायचा नाही. कंपन्या दिवाळीला कामगारांना भेट देतात. आपण सुबक डब्यात भरून थेट कंपन्यांना देऊ." आत्यांनी भाच्याकडं बघितलं. "धन्या, शब्द देतोस न्हवं?" धन्यानं शब्द दिला. माणूस सोप्यात मांडी घालून बसला की शब्द फार सहज निघतो, खुर्चीत बसून कुणी एवढं बोलत नाही.

त्या शब्दापोटी आरवाड्यांच्या पुढच्या खोलीत आता बेदाण्याचे डबे छतापर्यंत गेले होते. गल्लीतल्या बायका दुपारभर त्रिशलाबाईंबरोबर बसून एकेक दाणा निवडत होत्या. त्यातल्या दोघींनी शिवणकाम बाजूला ठेवलं होतं. आणि दिवाळीची भेट काय द्यायची हे कंपन्या दसऱ्याच्या आत ठरवून मोकळ्या होतात. दसरा या महिन्याच्या अखेरीला. साइट उघडणार पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला. म्हणजे एक ऑर्डर तरी मिळायला हवी होती ती नेमकी त्या बंद दाराच्या काळातच. नाहीतर आत्यांना काय तोंड दाखवायचं आणि गल्लीतल्या बायकांना काय सांगायचं?

त्यांनी पुण्याला मुलाला, आर्जवला, फोन लावला.

"बाबा, फुकट वापरणाऱ्यांना मर्यादा असते. तुम्ही एकामागून एक खरेदी अधिकारी शोधत सुटलात, त्यांना कळलं की हा माणूस धंद्यासाठी बघतोय. पैसे भरा, उघडेल."

"म्हणजे मी फुकट्या?"

"तसं नाही हो बाबा."

"सूतगिरणीच्या स्टोअरमध्ये मी उभा जन्म काढला. माझ्या सहीशिवाय एक चाती बाहेर गेली नाही. आणि मला फुकट्या?"

फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की फुकट्या हा शब्द आर्जवनं उच्चारलाच नव्हता. पण तोवर अपमान होऊन गेला होता, आणि झालेला अपमान परत कसा करायचा याची सोय कुठल्याच साइटवर नाही.

तेवढ्यात मोहिद्दीनभाई आले. त्यांचा पलीकडच्या बोळात लग्नपत्रिका छापायचा व्यवसाय. डब्यांवरची लेबलं त्यांनीच छापली होती, त्यामुळं या उद्योगात आपलं निम्मं अंग आहे असं ते धरून चालत.

"आवं धनपालराव, हे लय सोपं हाय. म्होरलं दार बंद हाय न्हवं? मग बोळातनं जायाचं. त्या साइटच्या आत कशाला शोधताय? भायेर गुगलमदी साइटचं नाव टाका, म्होरं लिवा खरेदी अधिकारी, सातारा. झालं की! मी कागदवाले असंच गाठतो."

बोळातनं शोधलं आणि खरोखर नावं निघाली. धनपालरावांना वाटलं, मर्यादा बिर्यादा सब झूट. त्यांनी पहिल्याच माणसाला फोन लावला. नाथाजी माने, खरेदी अधिकारी. नाथाजींनी अत्यंत अगत्यानं सगळं ऐकून घेतलं, बेदाण्याचा रंग विचारला, भाव विचारला, आणि मग सांगितलं की आपण नोकरीतून कधीच निवृत्त झालो असून हल्ली म्हसवडला सिद्धनाथाच्या देवळाजवळ राहतो. ते साइटवरचं नाव काढायचं कसं हे माहीत नाही. तुम्हांला माहीत आहे का? आणि पुतण्यासाठी एखादी मुलगी बघण्यात आहे का?

दुसऱ्या दिवसापासून नाथाजींचे सुप्रभात येऊ लागले. फुलांचे, पाखरांचे, उगवत्या सूर्याचे. बोळातून निघालेली बाकीची माणसं याच मासल्याची होती. कुणी कंपनी सोडलेली, कुणी गाव सोडलेलं, एक तर देशच.

मग धनपालरावांना दुसरा मार्ग सुचला, आणि खरं तर तिथंच त्यांचं गाडं घसरलं.

"तुझ्या नावानं एक खातं काढतो. तुझी मर्यादा अजून शिल्लक आहे," ते पत्नीला म्हणाले.

त्रिशलाबाईंनी निवडायचं ताट बाजूला सरकवलं. "अहो, माझं देशव्रत आहे. चातुर्मास संपेपर्यंत आयर्विन पुलापलीकडे जाणार नाही म्हणून नियम घेतलाय."

"तुला कोण जा म्हणतंय? मोबाइल जाणार."

त्यांनी जरा विचार केला. "नुसतं बघणार असाल तर बघा. पण माझ्या नावानं पलीकडच्या कुणाला हाक मारू नका. आणि माझी माहिती मी लिहीन. खोटं नको."

धनपालरावांच्या मनात 'संचालिका, आरवाडे ड्रायफ्रूट' असं होतं. त्रिशलाबाईंनी एकेक अक्षर शोधून टाइप केलं : 'सांगलीत राहते. बेदाणा हातानं निवडते. दिवस मावळल्यावर निवडत नाही, कारण किडामुंगी दिसत नाही. चातुर्मासात आयर्विन पुलापलीकडे जात नाही.' फोटोच्या जागी त्यांनी ताटातल्या बेदाण्याचा फोटो दिला. स्वतःचा देईनात.

"हे वाचून तुला कोण ऑर्डर देणार?" धनपालराव म्हणाले.

"मला कुठं पाहिजे? तुम्हांला पाहिजे."

नुसतं बघायचं असं ठरलं होतं खरं. पण समोर 'संयोगिता घोरपडे, कामगार कल्याण आणि खरेदी, सातारा' असं नाव आल्यावर हात जोडून नुसतं बघत बसायला धनपालराव काही मुनी नव्हते. त्यांनी या बाईंना स्वतःच्या खात्यातून आधी एकदा लिहिलं होतं. तेच पत्र पुन्हा पाठवलं, या वेळी त्रिशलाबाईंच्या नावानं. 'महोदया, सप्रेम जयजिनेंद्र' पासून 'कळावे, लोभ असावा' पर्यंत. तसं आणखी कुणाकुणाला पाठवलं. मग त्याही खात्याची मर्यादा संपली.

मंडळी, घरातल्या फोनचं एक वाईट असतं. पत्र कुणीही पाठवो, पोचल्याची घंटा ज्याचा फोन त्याच्याच हातात वाजते.

त्रिशलाबाईंनी घंटा ऐकली, पत्रं वाचली आणि फोन जागेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी जेवताना धनपालरावांनी आमटीचा घोट घेतला आणि वाटीत डोकावून बघितलं.

"मीठ राहिलं वाटतं."

"राहिलं नाही. माझ्या नावानं हद्दीबाहेर हाक गेली, म्हणून महिनाअखेरपर्यंत मी मीठ सोडलंय. तुमच्यासाठी वेगळी आमटी काढायची सकाळी विसरले. आत्ता करते."

"काही नको!" धनपालराव ताठ बसून म्हणाले. "मला काय होतंय? मी हीच खाणार."

असं एकदा बोलून गेल्यावर माणसाला रोज तेच खावं लागतं.

शहाणा माणूस इथं थांबला असता. पण ऑर्डर आली नव्हती आणि दसरा जवळ येत होता. मोहिद्दीनभाईंनी आपल्या पत्नीचं, साबेराभाभींचं नाव दिलं. धनपालरावांनी भाभींना 'वितरण प्रमुख' केलं. भाभींनी भिंतीपलीकडून विचारलं, "भाऊजी, पन वितरन म्हंजे मी काय करायचं?" "काही नाही, तुम्ही नुसत्या असा." पण खातं उघडायला जो आकडा लागतो, तो आला त्रिशलाबाईंच्या फोनवर, कारण घाईत धनपालरावांनी तोच नंबर घातला होता. त्या दिवसापासून तेल गेलं. मग सुंदरीआत्यांचं खातं काढलं, 'पुरवठा विभाग प्रमुख, कुंडल.' त्याचाही आकडा तिथंच आला. गूळ-साखर गेली. बिनमिठाची, बिनफोडणीची आमटी आणि फिका चहा समोर ठेवून धनपालराव मोबाइलकडं बघत बसत. व्रतात सोडायच्या सहा रसांपैकी दूध, दही आणि तूप एवढेच घरात उरले होते, आणि तुपाकडं बघताना त्यांना धडकी भरे.

मग एका सकाळी चारही खाती एकदम बंद पडली. 'तुमच्या खात्यावर असामान्य हालचाल आढळली आहे. आपण खरोखर आपणच आहात हे सिद्ध करा.'

धनपालरावांनी ते दोनदा वाचलं. आपण आपणच आहोत का, हे जन्मभरात त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि त्या क्षणी त्यांना स्वतःलाही तितकीशी खात्री वाटेना. त्यांनी मदतकेंद्राला लांबलचक पत्र लिहिलं. उत्तर आलं, 'तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे.' त्यांनी परत लिहिलं, अनुभव राहू दे, खातं उघडा. उत्तर आलं, 'तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे.'

दुपारी कुंडलहून फोन.

"धन्या, ह्यो फोन मला मान हलीव म्हन्तोय."

"हो आत्या. ती लिंक मीच धाडलीय. चेहरा बघतात ते. डावीकडं वळवा, उजवीकडं वळवा."

"वळीवली की! डावीकडं वळीवली, उजवीकडं वळीवली. आता म्हन्तोय परत वळीव. सकाळधरनं वळीवतीया. माझी मान काय रहाटगाडगं हाय व्हय रं?" आणि मग हळू आवाजात, "बेदान्याचं काय झालं? कोन घेतंय का न्हाई?"

"घेतंय की," धनपालराव म्हणाले.

फोन ठेवतात न ठेवतात तोच तो परत वाजला. त्यांना वाटलं आत्याच.

"मी साताऱ्याहून संयोगिता घोरपडे बोलतेय. मला एकच पत्र चार जणांकडून आलंय. एक धनपाल, एक त्रिशला, एक साबेरा आणि एक सुंदरीबाई. चौघांच्या पत्राखाली नंबर एकच, हा. आपण चौघांपैकी कोण?"

धनपालरावांनी तोंड उघडलं. चौघांपैकी कोण सांगावं याचा निर्णय होईना. शेवटी त्यांनी फोन गरम लागल्यासारखा त्रिशलाबाईंच्या हातात दिला.

"ताई, मी त्रिशला. चौघंही आमचीच माणसं," त्रिशलाबाई हळू म्हणाल्या. "पत्र आमच्या यांनी लिहिलंय. तुम्हांला त्रास झाला, चुकलं."

पलीकडून हसू ऐकू आलं. "काकू, आमच्या कंपनीत मागच्या दिवाळीला काजूत किडे निघाले होते. कामगारांनी डबे माझ्या टेबलावर आणून ओतले. तेव्हापासून मी पुरवठादाराचं पत्र वाचत नाही, माणूस वाचते. तुमची ती माहिती मी दोनदा वाचली. शनिवारी इथं कमिटी बसते. डबे घेऊन तुम्ही या. तुम्हीच या, ते चार नावांचे गृहस्थ नकोत. मग ठरवू."

धनपालरावांच्या चेहऱ्यावर दिवाळी आली.

"मला येता येणार नाही ताई," त्रिशलाबाई म्हणाल्या. "पूल ओलांडायचा नाही."

"का? पूल बंद आहे का?"

"नाही ताई. पूल चालू आहे. मी बंद आहे."

फोन संपल्यावर धनपालरावांनी एकदा डब्यांची रास बघितली. मग चप्पल घालून ते तडक बस्तीत पंडितजींकडं गेले. म्हटलं, शास्त्रात कुठं एखादा बोळ असेल. "पंडितजी, बाईमाणसाचं देशव्रत आहे. पण हद्दीबाहेर फार महत्त्वाचं काम आहे. काही सवलत?"

पंडितजींनी डोळे मिटून सांगितलं, "स्वतः गेलं नाही, तरी दोष पाच प्रकारांनी लागतो. हद्दीबाहेरचं काही मागवलं तर. आपल्याऐवजी दुसऱ्याला पाठवलं तर. खाकरून, हाक मारून बाहेरच्याला खुणावलं तर. खडा फेकून लक्ष वेधलं तर. आणि तोंड दाखवून बोलावलं तर, त्याला रूपानुपात म्हणतात."

धनपालराव बोटांवर मोजू लागले. दुसऱ्याला पाठवणं म्हणजे साबेराभाभी आणि आत्या. हाक मारणं म्हणजे ते पत्र. खडा फेकणं म्हणजे डब्याचा नमुना कुरिअरनं धाडणं. तोंड दाखवणं म्हणजे व्हिडिओ कॉल, जो आत्ता येता येताच त्यांना सुचला होता. त्या साइटनं महिनाभर आपल्याला जे जे करू दिलं नाही, ते हजार दीड हजार वर्षांपूर्वीच कुणीतरी बसून एकेक करून बंद करून ठेवलं होतं. त्या परदेशी लोकांनी आपल्या पंडितजींना विचारलं की काय, अशी एक शंका त्यांना चाटून गेली.

घरी येऊन त्यांनी शेवटचा प्रयत्न केला. "मग मी जातो शनिवारी. तू पाठवलेलं नाही, मी माझ्या मनानं जातो. चालेल ना?"

"तुम्ही मला विचारलंत," त्रिशलाबाई म्हणाल्या. "मी हो म्हटलं, तर पाठवल्यासारखंच झालं."

"मग नाही म्हण!"

"नाही म्हटल्यावर तुम्ही जाणार का?"

धनपालराव गेले नाहीत. शनिवार उजाडला आणि मावळला. गल्लीतल्या बायका येऊन निवडून गेल्या, 'काकी, डबे कवा जायाचे?' असं विचारून गेल्या. त्रिशलाबाईंनी त्या संध्याकाळी पाणी पिणंसुद्धा रोजच्यापेक्षा लवकर बंद केलं. रागावल्या नव्हत्या, पण माळ जपताना त्यांची बोटं दोनदा थांबलेली धनपालरावांनी बघितली. त्यांच्याही जिवाला लागलं होतं तर! इतके दिवस त्यांना वाटत होतं, ही काळजी आपली एकट्याची आहे.

रविवारी सकाळी संयोगिताबाईंचा फोन आला. "मी इस्लामपूरला माहेरी आले होते. आता सांगलीवाडीत, पुलाच्या अलीकडं... म्हणजे तुमच्या पलीकडं उभी आहे. आमच्या कमिटीतले म्हणाले, हे पूल न ओलांडण्याचं सगळं धंद्याचं नाटक आहे. मला बघायचंय. काकूंना घेऊन पुलावर या."

धनपालरावांनी एक डबा उचलला. त्रिशलाबाईंनी विचारलं, "मी बोलावलं नाही ना त्यांना?" "नाही, नाही, आपणहून आल्या!" "पुलाच्या या टोकापर्यंत माझी हद्द आहे. तिथवर येते."

मोहिद्दीनभाईही निघालेच. लेबल त्यांचं होतं.

पुलाच्या तोंडाशी आल्यावर त्रिशलाबाई थांबल्या, आणि नदीकडं पाठ करून, शहराकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

"अगं, अशी काय उभी राहिलीस?"

"त्या अजून हद्दीबाहेर आहेत. तोंड दिसलं तर बोलावल्यासारखं होईल."

पुलावरून एक उंच, काठापदराच्या साडीतली बाई चालत येत होती. निम्म्या पुलावर येऊन ती थांबली. तिला दिसत होतं ते असं : एका बाईंची पाठ, शेजारी बगलेत डबा धरून ताठ उभे असलेले एक गृहस्थ आणि त्यांच्यामागं एक मिशीवाले.

"काकू!" तिनं हाक मारली. "दोनच पावलं पुढं या! ऑर्डरचा कागद माझ्या हातात आहे!"

त्रिशलाबाईंची पाठ हलली नाही. पदर तेवढा वाऱ्यानं हलला, तोही त्यांनी धरून ठेवला.

"धनपालराव, आवं हात करा की!" मोहिद्दीनभाई कासावीस झाले. "ती बाई माघारी जाईल! न्हाईतर मीच हाळी देतो..."

"खबरदार!" धनपालराव दबक्या आवाजात ओरडले. "हात करायचा नाही, हाळी द्यायची नाही, खाकरायचंसुद्धा नाही! आणि हसू नका तिकडं बघून, रूपानुपात होईल! माझ्या घरात आता दूध, दही आणि तूप एवढंच राहिलंय!"

मोहिद्दीनभाईंना काही समजलं नाही. पण घाबरून त्यांनीही शहराकडं तोंड फिरवलं. मग धनपालरावांना वाटलं, आपलंच तोंड उघडं पडतंय, म्हणून त्यांनीही फिरवलं. तिघंजण ओळीनं नदीला पाठ करून उभे राहिले. एक रिक्षावाला वेग कमी करून, कुठं आग लागलीय का म्हणून शहराकडं बघत गेला.

मागं पावलं वाजली. जवळ आली. संयोगिताबाई तिघांना वळसा घालून समोर येऊन उभ्या राहिल्या, आणि त्रिशलाबाईंनी मग कुठं हात जोडले. "या ताई. आता आलात."

संयोगिताबाईंनी डबा धनपालरावांच्या बगलेतून अक्षरशः ओढून घेतला, कारण तो आता द्यायचा की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं. तिथंच पुलाच्या कठड्यावर डबा उघडून त्यांनी मूठभर दाणे तळहातावर पसरले. एक काडी नाही, एक देठ नाही. दोन दाणे तोंडात टाकले.

"सगळे डबे घेते," त्या म्हणाल्या. "घरातले आहेत तेवढे. कमिटीला मी बघते. काकू, माल पोचवायला..."

मोहिद्दीनभाईंनी तोंडावर हात ठेवून खाकरणं आवरलं.

"...गाडी मी माझ्या मनानं पाठवते. तुम्ही काही बोलू नका."

कुंडलला फोन गेला तेव्हा आत्यांनी सगळे डबे गेले का, हे दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाल्या, "शब्द राखलास गड्या." आणि मग, "त्या फोनला सांग, आता मी मान हलीवनार न्हाई."

पहिल्या तारखेला दुपारी जेवायच्या वेळी धनपालरावांचा मोबाइल वाजला. ते तेच आहेत हे साइटनं मान्य केलं होतं. शोधमर्यादा नव्यानं सुरू झाली होती. पुढं साताऱ्याशिवायही गावं होती, आणि आत्यांच्या मळ्यात पुढच्या वर्षीही बेदाणा होणारच होता.

त्यांनी मोबाइल उचलला, नाव लिहायची चौकट उघडली आणि त्रिशलाबाईंकडं बघून विचारलं, "आज किती शोधू?"

"तुमचं तुम्ही ठरवा," त्रिशलाबाई वाढता वाढता म्हणाल्या. "पण ठरवलं की तेवढंच."

धनपालरावांनी ठरवायच्या आधी आमटीचा घोट घेतला. मीठ होतं. त्यांनी मोबाइल पालथा घातला आणि दुसरी वाटी मागितली.